पंचांची बंद खोली व आरोपीचा हक्क

मुलांच्या खेळांत वाद पडला म्हणजे नाणें उडवून तो मिटवितात, व त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु न्याय देण्यास बसलेल्यांनींच तसें केलें तर?

इंग्लंडांत सन १७८५ सालीं हा प्रश्न खरोखर उद्भवला. ज्यूरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले बारा पंच. त्यांनीं शपथपूर्वक साक्षीपुरावा ऐकावा, बंद खोलींत विचार करावा आणि निकाल सांगावा, अशी तेथील रीत. त्या सालच्या एका दाव्यांत पंचांचें एकमत होईना, तेव्हां त्यांनीं निकाल नाणेफेकीवर सोंपविला, असें त्यांच्यापैकींच दोघांनीं प्रतिज्ञेवर लिहून दिलें. न्यायमूर्ति लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं तें मान्य करण्याचें नाकारिलें. पंचास स्वतःच्या गैरवर्तनाची साक्ष देतां येत नाहीं. खिडकींतून पाहणाऱ्या परक्यानें सांगितलें असतें तर गोष्ट निराळी, असें त्यांचें म्हणणें होतें.

या कठोर नियमास कारण आहे. आपलें मत उद्यां चव्हाट्यावर येईल अशी धास्ती असल्यास पंच निर्भयपणें बोलणार नाहींत. पण जी भिंत पंचांस संरक्षण देते, तीच आरोपीवरील अन्यायहि झांकून टाकते.

सन १९९४ मध्यें इंग्लंडांतच दोन खुनांचा एक खटला चालला. विचार पुरा न झाल्यामुळें ज्यूरीस रात्रीं हॉटेलांत ठेविलें होतें. तेथें चार पंचांनीं अक्षरें मांडून व पेला फिरवून, आपल्याकडे ज्यास प्लँचेट म्हणतात तसा प्रकार केला, व मृताच्या आत्म्यास खुनी कोण तें विचारिलें! दुसऱ्या दिवशीं आरोपी दोषी ठरला. पुढें ही गोष्ट बाहेर आली. हॉटेल म्हणजे ज्यूरीची खोली नव्हे, म्हणून अपील न्यायालयास चौकशी करतां आली. निकाल रद्द होऊन फेरखटला झाला. नव्या ज्यूरीनेंहि त्यास दोषीच ठरविलें.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आत्म्याच्या साक्षीची उलटतपासणी कोणता वकील करणार? जें आरोपीसमोर मांडलें गेलें नाहीं, ज्यास उत्तर देण्याची संधि त्यास मिळाली नाहीं, त्यावरून त्यास दोषी ठरविणें हा अन्यायच होय. मग तो खरोखर अपराधी कां असेना.

भारतांत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ज्यूरीस स्थान उरलें नाहीं. तरी हें तत्त्व येथेंहि तितकेंच लागू आहे. घरीं व शाळेंत आम्ही सारेच केव्हांना केव्हां पंच होतों. मुलाच्या पाठीमागें ऐकलेल्या कुजबुजीवरून त्यास शिक्षा करूं नये; आरोप त्यास सांगावा, त्याचें म्हणणें ऐकावें, आणि मगच निकाल द्यावा.