नागिणीचा वेढा पुरा होत नाही

डहाणू-तलासरीच्या पाड्यांपासून मुंबईतल्या सोसायट्यांपर्यंत एक वाक्य अजून छातीठोकपणे सांगितलं जातं: नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो. हे साफ खोटं आहे, आणि या भीतीपायी उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. नागीण उठते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्यालगतच्या चेतापेशींत दडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. हा मज्जातंतू पाठीपासून छाती-पोटाच्या मध्यरेषेपर्यंतच पोचतो, म्हणून फोडांचा पट्टाही तिथेच थांबतो. दोन्ही बाजूंना फोड आलेले रुग्ण दगावतात, त्याचं काय? असे रुग्ण थोडे, आणि बहुतेकांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली असते. धोका विषाणू अंगभर पसरण्याचा असतो, वेढ्याचा नव्हे.

भगताच्या मंत्राने किंवा गेरूच्या लेपाने उतरली, हाही पुरावा नव्हे. फोड दोन ते चार आठवड्यांत एरवीही सुकतात. मग गोळीचा गुण तरी कशावरून मानायचा? प्रश्न रास्त आहे. बिनऔषधी गोळीशी तुलना करून घेतलेल्या चाचण्यांत असायक्लोव्हिर ही गोळी घेणाऱ्यांचे फोड लवकर सुकले. त्याचं कारण प्रयोगशाळेत दिसतं. विषाणूचं स्वतःचं थायमिडीन कायनेज हे एन्झाइम या औषधाला कामाला लावतं. मग ते डीएनएच्या नव्या साखळीत शिरतं आणि साखळीची वाढ तिथेच थांबते. हे एन्झाइम गमावलेल्या विषाणूंवर औषध चालत नाही, यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा? ज्यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध आलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. संशोधक अशीच औषधं वापरून नागिणीच्या विषाणूच्या कुळातल्या, म्हणजे हर्पिस विषाणूंच्या वाढीचे टप्पे वेगळे करतात: संसर्ग झालेल्या पेशींत औषध घातलं की सुरुवातीची प्रथिनं बनतात, डीएनएच्या प्रती मात्र निघत नाहीत, आणि त्या प्रतींवर विसंबलेली उशिराची प्रथिनं अडतात. औषध प्रती काढणं रोखतं, दडलेला विषाणू मारत नाही. म्हणून ‘गोळीने मुळासकट जाते’ हेही चूक, आणि उशिरा घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी.

नागीण स्पर्शाने दुसऱ्याला नागीण देत नाही; फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. अँटिबायोटिकचा या विषाणूवर काही परिणाम होत नाही.

फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचं ग्रामीण रुग्णालय गाठा. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर त्याच दिवशी. भगताकडे जायचंच असेल, तर डॉक्टरांना दाखवल्यावर जा.