तिखटाची आग आणि विंचवाची कळ

धर्माबादच्या मिरचीचे नाव सगळ्या मराठवाड्यात आणि पलीकडे तेलंगणातही घेतले जाते. त्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या हातांत आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी आयाबहिणींचे हात असतात. दिवसभर देठ खुडून घरी आल्यावर हात चार वेळा धुतले तरी रात्री आग होतेच. गार पाण्यात बुडवले की तेवढ्यापुरते बरे वाटते, बाहेर काढले की पुन्हा सुरू. हात पाहावेत तर फोड नाही, भाजल्याची खूण नाही. मग ही आग कशाची? या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. हे समजले की विंचू चावल्यावर अंगात काय होते तेही समजते, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो.

आपल्या अंगात वीज आहे. ती तारेतल्या विजेसारखी नाही, मिठाच्या पाण्यातली आहे. शरीरातली प्रत्येक पेशी एका अतिशय पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. हा पडदा एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. पडद्याबाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठातलेच सोडियम. आत पोटॅशियम जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. पडद्यात बसवलेले सूक्ष्म पंप तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. हे काम रात्रंदिवस चालते आणि त्यासाठी आपल्या अन्नातली बरीच शक्ती खर्च होते. आतले थोडे पोटॅशियम उघड्या वाटांनी बाहेर झिरपत राहते. ते जाताना धन भार घेऊन जाते, म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण होते. मज्जातंतूच्या पेशीत हा फरक साधारण 70 मिलिव्होल्ट असतो. टॉर्चच्या एका सेलचा जेमतेम विसावा भाग. कमी वाटेल, पण एवढ्यावर आपले चालणे, बोलणे, हृदयाचे ठोके सगळे चालते.

या पडद्यात सोडियमसाठी दारे आहेत. एरवी ती बंद असतात. कशाने तरी आतला ऋण भार थोडा कमी झाला, म्हणजे 70 वरून 55 च्या आसपास आला, की ही दारे एकदम उघडतात. सोडियम आत घुसते आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच, सेकंदाच्या हजाराव्या भागात, ती दारे मिटतात. पोटॅशियम बाहेर जाऊन सगळे पूर्ववत होते. तोवर शेजारची दारे उघडलेली असतात, मग त्यापुढची. बातमी अशी पुढे पुढे सरकत मेंदूपर्यंत पोहोचते. इंग्लंडच्या हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी माकुळ या समुद्री जिवाच्या जाड मज्जातंतूवर हे मोजून 1952 साली मांडले. त्यांना 1963 चे नोबेल मिळाले. दात काढताना डॉक्टर बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, ते हीच सोडियमची दारे अडवून धरते. जखम होतच असते, फक्त बातमी पोहोचत नाही.

आता मिरची. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर आणखी एक दार असते. ते उष्णतेचे दार. साधारण 43 अंशांच्या वर ते उघडते आणि भाजल्याची बातमी सुटते. मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, हेच दार गार असतानाही उघडतो. कातडी भाजलेली नसते, पण मेंदूला निरोप भाजल्याचाच जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी हे दार 1997 मध्ये शोधले, आणि 2021 चे नोबेल ज्या दोघांना मिळाले त्यांत ते आहेत.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने भागत नाही. आधी हाताला खायचे तेल चोळा, पुसून काढा, मग साबणाने धुवा. गरम पाणी नको, त्याने तेच दार आणखी उघडते. डोळ्यात गेले तर मात्र तेल लावू नका, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. तान्ह्या बाळाला पाजण्याआधी हात आणि छाती धुतलीच पाहिजे. खूप दिवस काम केल्यावर “आता हाताला सवय झाली” असे बाया म्हणतात. ते खरेही आहे, कारण सततच्या तिखटाने ती टोके बधिर होतात. पण ठसका आणि दमा यांना सवय होत नाही. तोंडाला ओढणी आणि हातात मोजे ही कामावर मागून घेण्याची गोष्ट आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

विंचवाचे विष वेगळ्या ठिकाणी घाव घालते. लाल विंचवाच्या विषाने सोडियमची दारे उघडतात, पण वेळेवर मिटत नाहीत. निरोप थांबतच नाही. आधी जागेवर भयंकर कळ, आणि विष जास्त भिनले तर शरीरात ॲड्रेनलिनचा पूर येतो. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. लहान मुले यातच जातात.

महाड म्हटले की आपल्याला 20 मार्च 1927 आणि चवदार तळे आठवते. त्याच महाडात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर आयुष्य घातले. ते मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्याचे. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी मृत्यूचे कारण ओळखले आणि रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी प्राझोसिन वापरून पाहिली. त्यांचे काम 1980 च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात 25 ते 30 जण दगावत, ते प्रमाण सुमारे एकावर आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनने दारे मिटत नाहीत, पण ॲड्रेनलिनने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. सोबत विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी पुढे दाखवले.

विंचू उतरवणारे आजही गावोगाव आहेत. बरेच दंश सौम्य असतात आणि काही तासांत आपोआप उतरतात, त्याचे श्रेय मंत्राला जाते. ज्याला विष भिनले त्याचे तेच तास वाया जातात. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही बुद्धांची शिकवण इथे लागू करायला आम्हाला तरी काही अडचण दिसत नाही.

पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या काढताना आधी काठीने हलवा, बूट झटकून घाला. चावलाच तर जागा कापू नका, दोरी आवळू नका. प्राझोसिनची गोळी घरी मनाने देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून ती डॉक्टरच्या नजरेखाली आणि रुग्णाला आडवे ठेवूनच द्यायची असते. लहान मुलाला चावला तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. मोठ्या माणसालाही घाम, उलटी सुरू झाली, हातपाय गार पडले आणि कळ मात्र कमी झाल्यासारखी वाटली, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नका. 108 ला फोन करा, गाडी फुकट येते.