चित्रं नाहीत, तरी खेळ सुटत नाही!

ना मैदान दिसतं, ना चेंडू. तरीही २००१ साली आलेल्या एका संगणकीय खेळानं फुटबॉलवेड्यांना आजवर धरून ठेवलं आहे. असं काय आहे त्यात?

इंग्लंडमधल्या एखाद्या घरात रात्रीचे दोन वाजलेले असतात. बायकोमुलं केव्हाच झोपलेली. चाळिशी ओलांडलेले गृहस्थ मात्र संगणकासमोर बसलेले. पडद्यावर नुसती नावं, आकडे आणि मधूनमधून लुकलुकणारी एक ओळ. ती ओळ गोल झाल्याचं सांगते आणि हे गृहस्थ खुर्चीतून उठून मुठी आवळतात. ‘आता शेवटचा एकच सामना,’ असं ते मागचे तीन तास स्वतःला बजावत आहेत.

या खेळाचं नाव ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’. यात तुम्ही खेळाडू नसता, संघाचे व्यवस्थापक असता. कोणाला विकत घ्यायचं, कोणाला बाहेर बसवायचं, बचाव करायचा की चढाई, हे सगळं तुम्ही ठरवायचं. मग सामना सुरू झाला की हातावर हात ठेवून एकेक ओळ वाचत राहायचं. संघ जिंकला तर वाहवा, सतत हरला तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

दोन भावांची कल्पना

ही कल्पना पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या दोन भावांची. शाळकरी वयात घरच्या संगणकावर त्यांनी हा खेळ रचायला सुरुवात केली. हलती चित्रंच नाहीत, असा खेळ कोण विकत घेणार, अशी शंका तेव्हा घेतली गेली. अखेर १९९२ साली पहिली आवृत्ती बाजारात आली. तिच्यात खेळाडूंची नावंही काल्पनिक होती. खरी नावं पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आली आणि खेळाचा रंगच पालटला. आता आपल्या आवडत्या संघाचा कारभार घरबसल्या हाकता येऊ लागला.

पण हजारो खेळाडूंची माहिती आणायची कुठून? त्यासाठी देशोदेशीचे फुटबॉलप्रेमी कामाला लागले. आपल्या भागातल्या क्लबचे सामने पाहून ते प्रत्येक खेळाडूचा वेग, नेमबाजी, धाडस यांना १ ते २० गुण देत. शिवाय हा खेळाडू पुढे किती मोठा होईल, याचाही एक आकडा आत दडवलेला असे. खेळाची खरी गोडी या दडलेल्या आकड्यात होती. कोणाला ठाऊक नसलेला पोरगा शोधून काढायचा आणि त्याला तारा बनवायचं!

अर्थात, माणसं म्हटली की लबाडीही आलीच. पोर्तुगालमधल्या गौव्हेया या लहानशा क्लबच्या यादीत ‘टो मदेइरा’ नावाचा एक अफलातून गोल करणारा खेळाडू होता. जगभरच्या व्यवस्थापकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे उलगडा झाला की असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. माहिती गोळा करणाऱ्यानं स्वतःलाच महान करून टाकलं होतं!

आकडे एक, आयुष्य दुसरं

मदेइराची गोष्ट हसण्यावारी नेता येते. पण जे खेळाडू खरे होते, त्यांचं काय?

गांबियात जन्मलेला चेर्नो सांबा लंडनच्या मिलवॉल क्लबच्या कुमार संघात होता. या खेळात तो सोळाव्या वर्षीच मिळे आणि काही वर्षांत जगातल्या उत्तम खेळाडूंत जाऊन बसे. प्रत्यक्षात त्याला मिलवॉलच्या मुख्य संघातून एकही सामना खेळायला मिळाला नाही. स्पेन, फिनलंड, ग्रीस, नॉर्वे असा फिरत तो खेळत राहिला. गांबियाकडूनही खेळला आणि २०१८ साली त्यानं आत्मचरित्र लिहिलं. पण आजही अनेक जण त्याला ओळखतात ते या खेळातल्या गोलांमुळे.

बेलारूसच्या मॅक्सिम त्सिगाल्कोची कहाणी याहून चटका लावणारी आहे. पडद्यावर हा मिन्स्कचा तरुण एकेका हंगामात गोलांचा पाऊस पाडी. खऱ्या मैदानावर दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. सव्विसाव्या वर्षी त्याचा खेळ सुटला आणि डिसेंबर २०२० मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. त्याला खेळताना कधीही न पाहिलेले लोक परदेशात हळहळले. त्यांच्या लेखी तो त्यांच्या संघातला माणूस होता.

वेड का टिकलं?

पुढे खेळ बनवणारे आणि प्रकाशक वेगळे झाले. मूळ मंडळींनी ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावानं नवा संसार थाटला. नव्या खेळात चित्रं आली, बारकावे वाढले, कामही वाढलं. २०२५ साली तर एक आवृत्ती मनासारखी न उतरल्यामुळे रद्दच करण्यात आली. इकडे जुना खेळ डिसेंबर २००८ मध्ये सर्वांसाठी मोफत खुला झाला. तेव्हापासून हौशी मंडळी खेळाडूंच्या याद्या पदरमोड करून ताज्या करत आली आहेत.

तो टिकण्याचं एक कारण साधं आहे. तो झटपट चालतो. सुट्टीच्या एकदोन दिवसांत पूर्ण हंगाम उरकता येतो. दुसरं कारण म्हणजे त्यात चित्रं नाहीत. रेडिओवर सामन्याचं वर्णन ऐकताना मैदान जसं डोळ्यांपुढे उभं राहतं, तसंच इथे घडतं. ओळ खेळाची असते, गोल मात्र ज्याचा त्याचा असतो.

घरच्यांना या वेडाचा जाच झालाच. ‘या खेळानं माझं आयुष्य चोरलं’ अशा अर्थाच्या नावाचं एक पुस्तकच २०१२ साली निघालं. वेळेचं भान सुटलं की कोणताही छंद घराला महाग पडतो, हे खरंच आहे.

पण जुने खेळाडू त्याच त्या यादीकडे परततात, त्यामागे आणखीही काही असावं. तिथे सांबा अजून सोळा वर्षांचा आहे. त्सिगाल्को अठराचा आहे आणि त्याचे पाय धडधाकट आहेत. त्यांना पहिल्यांदा निवडणारा कॉलेजातला मुलगाही तिथेच कुठेतरी बसलेला आहे. पोराच्या अंगातले गुण आकड्यांत मांडता येतात. पण दुखापत, हुकलेली संधी आणि नशीब यांचे आकडे कोणत्याच यादीत आधी लिहिलेले नसतात. म्हणूनच रात्री दोन वाजता ती ओळ लुकलुकते, सांबानं पुन्हा गोल केलेला असतो आणि ते गृहस्थ मनाशी म्हणतात, ‘बस्स, आता शेवटचा एकच!’