सावित्री (नाव)

सावित्री हे मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रचलित असलेले पौराणिक स्त्रीनाम आहे. सवितृ या वैदिक देवतेच्या नावावरून ते तयार झाले असून महाभारतातील सत्यवान-सावित्रीच्या आख्यानामुळे सर्वपरिचित झाले. महाराष्ट्रात या नावाला दुसरा आणि आज अधिक प्रभावी संदर्भ मिळाला तो सावित्रीबाई फुले यांच्यामुळे. त्यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. (पुणे जिल्ह्यातील बोरघाटावरचे थंड हवेचे ठिकाण असलेले खंडाळा वेगळे.) बोलीत सावित्रीबाई, सावी, साऊ अशी या नावाची रूपे होतात.

व्युत्पत्ती

संस्कृतातील 'सू' या धातूला प्रेरणा देणे आणि जन्म देणे असे दोन्ही अर्थ आहेत. त्यापासून 'सवितृ', म्हणजे प्रेरणा देणारा सूर्य, आणि त्याच्याशी संबंधित ती 'सावित्री'. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील सुप्रसिद्ध गायत्री मंत्राची देवता सविता असल्याने त्या ऋचेलाही सावित्री म्हणतात. मुंजीत बटूला जो मंत्रोपदेश होतो, तो या सावित्रीचाच. ज्या ऋचेला स्त्रीचे नाव आहे, तिचा उपदेश रूढीने मुलींना मात्र शतकानुशतके मिळाला नाही. मराठीत मुलींचे नाव म्हणून रुळलेले 'सविता' हे मुळात पुल्लिंगी देवनाम आहे. आकारान्त असल्यामुळे ते मराठी कानाला स्त्रीनाम वाटले.

सातारा जिल्ह्यातच सावित्री नावाची नदीही आहे. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांतील सावित्री सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरून कोकणात जाते व बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते.

महाभारतातील नामकरण

वनपर्वातील आख्यान पातिव्रत्याची कथा म्हणून सांगितले जाते. ज्येष्ठ पौर्णिमेला होणारे वटसावित्रीचे व्रत त्यावरच आधारलेले आहे. या कथेचा आरंभ मात्र एका बारशापर्यंत येतो, आणि तो भाग सहसा झाकोळला जातो.

मद्र देशाचा राजा अश्वपती निपुत्रिक होता. त्याने अठरा वर्षे सावित्री देवीची आराधना केली. देवी प्रसन्न झाल्यावर त्याने वंश चालवणारे पुष्कळ पुत्र मागितले. देवीने त्याला तेजस्वी कन्या होईल असे सांगितले आणि यावर उलट काही बोलू नये असेही बजावले. यथाकाल मुलगी झाली. सावित्रीच्या कृपेने लाभलेली म्हणून पित्याने व ब्राह्मणांनी तिचे नाव सावित्री ठेवले. पुत्र मागून कन्या मिळाली, तरी तिला दात्या देवीचेच नाव देण्यात आले. पुढे ती स्वतः रथातून जाऊन वर निवडते, त्याचे आयुष्य एकच वर्ष उरले आहे हे नारदाकडून कळल्यावरही निर्णय बदलत नाही आणि यमाशी संवाद करून त्याला जिंकते. यमाकडून मिळवलेल्या वरांमध्ये ती सासऱ्याची दृष्टी व राज्य मागते, तसेच आपल्या पित्यासाठी शंभर पुत्रही मागते. अश्वपतीची मूळ इच्छा अशा रीतीने मुलीनेच पूर्ण केली.

दादासाहेब फाळके यांनी १९१४ मध्ये या कथेवर 'सत्यवान सावित्री' हा मूकपट काढला. बोलण्यात 'सती सावित्री' हा शब्दप्रयोग आज बहुधा उपरोधानेच येतो.

नायगावची सावित्री

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी विवाह झाल्यावर त्या पुण्यास आल्या. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले. नको असलेल्या संततीला जगू देणे हा त्याचा हेतू होता. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. नायगाव येथे त्यांचे स्मारक असून ३ जानेवारी हा दिवस राज्यात बालिका दिन म्हणून पाळला जातो. 'सावित्रीच्या लेकी' हा शब्दप्रयोग त्यांच्यापासून आला. त्यातील सावित्री सत्यवानाची नव्हे, नायगावची आहे.

नकुशी आणि २०११ चे नामांतर

याच सातारा जिल्ह्यात मुलींच्या नावांची एक अगदी विरुद्ध परंपरा होती. मुलाची अपेक्षा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव 'नकुशी', 'नकुशा' किंवा 'नकोशी' ठेवले जाई. असे नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो, ही त्यामागची समजूत.

या प्रथेची सांगड पुष्कळदा धोंडू, दगडू, केरू, भिकू अशा मुलग्यांच्या नावांशी घातली जाते. वरवर दोन्हींत तुच्छता दिसते, परंतु हेतू वेगळे आहेत. मूल जगत नसलेल्या घरात मुलाला ओबडधोबड नाव दिले जाई, ते दृष्ट लागू नये आणि मृत्यूने त्याच्याकडे दुर्लक्ष करावे म्हणून. ते नाव बाळाच्या रक्षणासाठी असे. नकुशी हे नाव त्या मुलीसाठी नसतेच. ते तिच्यानंतर येणाऱ्या मुलासाठी असते. शाळेच्या हजेरीपटात आणि पुढे प्रत्येक दाखल्यावर मात्र ते तिलाच वागवावे लागते.

जिल्ह्यात अशा नावाच्या मुलींचा शोध घेण्यात आला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथील समारंभात २८५ मुलींना नवी नावे व त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. त्या वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ होते. नव्या नावांत ऐश्वर्यासारखी चित्रपटसृष्टीतून आलेली नावे होती, वैशालीसारखी रुळलेली होती आणि सावित्री हेही होते. बारशाला मुलीचे मत घेतले जात नाही. येथे मात्र अनेकींनी आपले नाव स्वतः निवडले.

रोमन प्रथेशी तुलना

मुलीला देवतेचे नाव देणे ही सर्व प्राचीन समाजांची रीत नव्हती. प्राचीन रोममध्ये मुलीचे नामकरण आठव्या दिवशी व मुलाचे नवव्या दिवशी होई, परंतु मुलीला बहुधा कुळाचेच नाव मिळे: जुलियस कुळातील ती जुलिया, कॉर्नेलियस कुळातील ती कॉर्नेलिया. बहिणी अनेक असल्यास थोरली, धाकटी, 'तेर्तिया' (तिसरी) अशी भर घालून त्यांना ओळखत. जुलियस घराणे आपला वंश व्हीनस देवीपर्यंत नेत असल्याने जुलिया या नावात पुराणकथा आडवाटेने येते, एवढेच. डायना, अरोरा, फ्लोरा, मिनर्व्हा ही देवतानामे मुलींना सर्रास दिली जाऊ लागली ती पुष्कळ नंतरच्या युरोपात. त्यांपैकी डायना व फ्लोरा वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांतही आढळतात.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. परमवीर चक्राचे संकल्पचित्र काढणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर (१९१३–१९९०) यांचा जन्म स्वित्झर्लंडमधला आणि मूळ नाव ईव्ह. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी सावित्री हे नाव घेतले.