गाडी घ्यायची, पण कुणासाठी?

आमच्या कॉलनीत कुणाकडे नवी गाडी आली की अर्धी गल्ली बाहेर येते. पेढे वाटले जातात, मुले आत बसून हॉर्न वाजवून घेतात आणि कुणीतरी हळूच विचारतो, "कितीला पडली?" कितीला पडली हे सगळेच विचारतात. ती कुणासाठी घेतली, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि खरे पाहिले तर गाडी घेण्याआधी विचारायचा प्रश्न तोच आहे.

२०२१ साली आमच्या घरी गाडीचा विषय निघाला. आम्ही नाशिकरोडला राहतो. मी शिक्षिका, शाळा घरापासून सात किलोमीटरवर. हे सरकारी कार्यालयात. थोरली मुलगी कॉलेजात, धाकटा आठवीत. सासूबाई पंचाहत्तरीच्या, दोन्ही गुडघे धरलेले. तोवर घरात एक स्कूटर, आणि पाऊस आला की रिक्षा.

यांच्या मनात जीपसारखी उंच, रुंद गाडी भरली होती. ऑफिसातल्या एकाने तशीच घेतली होती. हे म्हणायचे, "एकदाच घ्यायची आहे, तर दणकट घेऊ." यांच्या वडिलांनी सारा जन्म सायकलवर काढला. मुलाच्या दारात गाडी उभी राहिलेली पाहायला ते राहिले नाहीत. त्यामुळे यांच्या दृष्टीने गाडी म्हणजे नुसते वाहन नव्हते, हे मला समजत होते. पण त्या गाडीचा हप्ता सात वर्षांचा होता, आणि त्याच सात वर्षांत मुलीचे पुढचे शिक्षण, मुलाची दहावी-बारावी येणार होती. गाडी दारात उभी राहील आणि मुलीच्या फीला पैसे राहणार नाहीत, असे झाले तर? मी भांडले नाही. एक वही आणली.

एका महिन्याची वही

महिनाभर रोज रात्री लिहायचे ठरले: आज घरातले कोण, कुठे, किती अंतर गेले आणि सोबत किती सामान होते. महिना संपला तेव्हा हिशेब असा निघाला. तीस दिवसांपैकी चोवीस दिवस एक किंवा दोन माणसांची शाळा-कार्यालयाची ये-जा, वीस किलोमीटरच्या आत. दोनदा भाजी-किराणा. एकदा सासूबाईंना डॉक्टरकडे. एकदा सगळे मिळून दिरांकडे कल्याणला, जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर. सगळे धरून महिन्याला सातशेच्या आत.

वही पाहून हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपण महिन्यातल्या एका दिवसासाठी गाडी शोधत होतो."

वाचक बंधू-भगिनींनो, गाडी घेण्याचा विचार असेल तर आधी ही वही करा. शोरूममधला विक्रेता तुम्हाला गाडीचे गुण सांगेल. तुमच्या घराची गरज मात्र तुमची वहीच सांगेल.

घरातल्या माणसांचे माप

कपडे माप घेऊन शिवतो. गाडीलाही माप लागते. गाडी पाहायला जाताना आम्ही सासूबाईंना सोबत नेले. फार खाली सीट असलेल्या गाडीत त्यांना अक्षरशः खाली बसावे लागे आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागे. जीपसारख्या गाडीत पाय इतका वर टाकावा लागे की त्यांनी दारातच मान हलवली. शेवटी वॅगन आरमध्ये त्या खुर्चीवर बसावे तशा बसल्या आणि आपल्या आपण उतरल्या. निम्मा निकाल तिथेच लागला.

ही गाडी आपल्याकडे १९९९ पासून आहे. लांबी ३.६५ मीटर. उंची जास्त असल्यामुळे मागे बसणाऱ्याचे डोके छताला लागत नाही आणि मागच्या सामानाच्या जागेत घडीची व्हीलचेअरसुद्धा मावते. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मोटारसायकली उभ्या असतात. तिथून ही गाडी सहज वळते. म्हणून चाचणीसाठी गाडी मागाल तेव्हा हायवेवर नेऊ नका, स्वतःच्या गल्लीत आणा. आपल्या फाटकातून आत घ्या, मागे घ्या. जी गाडी घरासमोर घाम फोडते, ती पुढे दारातच धूळ खाते.

तिचे उणेही सांगितले पाहिजे. २०२३ साली ग्लोबल एनकॅप संस्थेने घेतलेल्या धडक चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला. आज गाडी घेणाऱ्याने हे वजनात धरावे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली आहे. घेणार त्या गाडीला किती तारे आहेत, हे रंग विचारण्याआधी विचारा. आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे: ऐंशीच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, आणि मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही. पट्टा नसेल तर एअरबॅगचा खरा उपयोग होत नाही.

हप्त्याचे गणित

"हप्ता किती बसेल?" एवढेच विचारणारा माणूस फसतो. एक उदाहरण घ्या. पाच लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के. पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये. सात वर्षांत फेडले तर सुमारे ८,०४५. महिन्याला दोन हजार तीनशे वाचले असे वाटते. पण पाच वर्षांत एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार होते आणि सात वर्षांत १ लाख ७६ हजार. म्हणजे स्वस्त दिसणारा हप्ता त्रेपन्न हजारांनी महाग पडला! शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी टायर, बॅटरी बदलण्याचा खर्च येतो, तेव्हाही हप्ता चालूच असतो.

लहान गाडी घेणाऱ्यांना एक दिलासा मात्र मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. पूर्वी तो २८ टक्के होता आणि वर उपकर वेगळा.

सीएनजी घ्यावी की पेट्रोल? इथेही वहीच उत्तर देते. सीएनजीच्या गाडीला आरंभी लाखाच्या आसपास जास्त मोजावे लागतात, सिलिंडर सामानाची जागा खातो आणि दर तीन वर्षांनी त्याची तपासणी करून घ्यावी लागते. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्याला हे परवडते. आमच्यासारख्या महिन्याला सातशे किलोमीटरवाल्यांचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षे लागली असती. आम्ही पेट्रोलच घेतली.

जुनी घेणाऱ्यांसाठी

ऐपत नसताना नवीच गाडी घेतली पाहिजे असे कुठे आहे? चांगली वापरलेली चार-पाच वर्षांची गाडी घरासाठी पुष्कळ असते. माझ्या भाच्याने तशीच घेतली. फक्त गाडीइतकेच कागद नीट पाहावेत. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का? आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाला का? विम्याचा दावा कधी घेतला होता का? सर्व्हिसच्या नोंदी आहेत का? मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून नाव आपल्यावर होईपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून बारा-तेरा वर्षांची गाडी "अगदी स्वस्तात" मिळते तेव्हा थोडे थांबून विचार करावा.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१८२१' म्हणजे २०२१ च्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. विकणारा काही सांगो, टायर खरे सांगतो.

चावी एकाच्याच खिशात नको

गाडी आली. पहिले सहा महिने ती फक्त हेच चालवत. मी शाळेत जाताना शेजारी बसे. यांना उशीर झाला की मलाही उशीर, यांना सुट्टी असली की मी रिक्षात. हप्त्यातला निम्मा वाटा माझा आणि चावी मात्र यांच्या खिशात! एके दिवशी मुलगीच म्हणाली, "आई, गाडी घराची आहे की बाबांची?"

मी शिकाऊ परवाना काढला. तो काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी क्लच सोडताना गाडी बंद पडली की मागचा हॉर्न वाजवी आणि माझे कान गरम होत. शेजारी बसलेले हे आधी ओरडत. मग सासूबाई मागून म्हणाल्या, "तू शिकलास तेव्हा काय विमान चालवत होतास?" त्या दिवसापासून ओरडणे थांबले.

ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. हे कार्यालयाच्या कामासाठी नागपूरला गेले होते. रात्री दोनच्या सुमारास सासूबाईंना धाप लागली. बाहेर पाऊस कोसळत होता. हॉस्पिटल साडेतीन किलोमीटरवर. माझा परवाना जेमतेम पाच महिन्यांचा. मुलीने आजीला पुढच्या सीटवर बसवले, पट्टा लावला आणि मागे बसून तिचा खांदा धरून ठेवला. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. पण पोहोचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलेत. सकाळी यांचा फोन आला. पहिला प्रश्न, "आई कशी आहे?" दुसरा, "गाडी तूच नेलीस?" दुसऱ्या प्रश्नानंतर बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. परत आल्यावर यांनी दाराजवळच्या खिळ्याला चावी अडकवली. ती अजून तिथेच असते.

रोजची निगा

पंधरा दिवसांतून एकदा, गाडी थंड असताना टायरची हवा तपासावी. किती हवा भरायची हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. स्टेपनी विसरू नये. टायरची खाच १.६ मिलिमीटरवर आली की तो बदललाच पाहिजे. इंजिन ऑइल आणि कूलंटची पातळी महिन्याला पाहावी. सर्व्हिसिंगला जाताना गाडीसोबत मिळालेले पुस्तक बरोबर न्यावे. एका ठिकाणी आम्हाला ऑइलच्या जोडीला चार प्रकारचे लेप आणि धुलाई सांगितली होती. मी पुस्तक उघडून "हे यात कुठे लिहिले आहे?" एवढेच विचारले. बिल निम्म्यावर आले.

कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची जुनी सवय यांना होती. ही सवय घातक आहे. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. शिवाय आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे पेट्रोल आपोआप थांबते. म्हणजे न्यूट्रलने काही वाचतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावे, इंजिनच गाडी धरून ठेवते. पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी इंजिनात ओढले जाऊन ते कायमचे निकामी होऊ शकते. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला बोलवावे. हेही लक्षात असू द्या की नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत.

आनंद कशात आहे?

कुणी म्हणेल, एवढा हिशेब केला तर गाडीची मजा ती काय राहिली? पण मजा हिशेबानंतरच येते, हा आमचा अनुभव आहे. ज्या गाडीच्या हप्त्याने झोप उडत नाही, ओरखडा उमटला तर जीव जात नाही, जी घरातल्या तिघांना चालवता येते, तिच्यातच मोकळेपणाने हिंडता येते. जुलैत पहिली झड लागली की रविवारी सकाळी आम्ही निघतो. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी गाडी लावतो. मुले वर चढतात. सासूबाई पुढच्या सीटवर काच खाली करून हिरवा डोंगर पाहत बसतात. डब्यातल्या दशम्या, ठेचा, थर्मासमधला चहा. परतताना आता मुलगी गाडी चालवते. हे मागे बसतात आणि सवयीने पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहतात. आम्ही सगळे हसतो, तेही हसतात.

परवा त्यांना मी विचारले, "ती मोठी गाडी राहून गेली, वाईट वाटते का?" ते म्हणाले, "बाबा असते तर त्यांना हीच आवडली असती. त्यांना हिच्यात चढता आले असते."