नायगाऱ्याचा पूल आणि निकाली निघालेला खटला

टोरांटो

उन्हाळा लागला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडची मराठी कुटुंबं नायगाऱ्याला निघतात. धबधबा समोरून बघायचा तर कॅनडाच्या काठावर यावं लागतं. मधे १९४१ साली खुला झालेला रेनबो ब्रिज. ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. म्हणजे आधी कोणी काही तपासलेलं नसतं. एखाद्याच्या नावावर पंधरा वर्षांपूर्वी कोर्टाने काढून टाकलेली केस असेल, तर तिची आठवण करून देणारा पहिला माणूस पुलावरच्या खिडकीत बसलेला असतो.

त्या खिडकीतल्या संगणकावर एफबीआयकडच्या नोंदी दिसू शकतात. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे तिथे पोचलेले असतात. केसचं पुढे काय झालं, ते कोर्टाने कळवलं असेल तर असेल. समोर फक्त अर्धी हकीकत दिसली की अधिकारी गाडी बाजूला घ्यायला सांगतो. आपल्या लोकांच्या बोलण्यात हे ‘सेकंडरीला पाठवलं’.

कॅनडाचा कायदा याबाबतीत कडक आहे, पण त्याचं म्हणणं समजतं. परदेशातला गुन्हा कॅनडात घडला असता तर कोणत्या कलमात बसला असता, हे अधिकारी ताडून पाहतो. दारू पिऊन गाडी चालवणं अमेरिकेत अनेकदा किरकोळ गुन्ह्यात मोडतं. कॅनडाने मात्र डिसेंबर २०१८ मध्ये त्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहावर नेली आणि तो ‘गंभीर’ गुन्ह्यांत जाऊन बसला. शिक्षा झालेल्यांचे यात हाल होतात. केसच निकालात निघालेली असेल आणि तसा कोर्टाचा कागद हातात असेल, तर सहसा सोडतात. कागद नसेल तर खात्री पटवायची जबाबदारी तुमची, आणि रविवारी संध्याकाळी टेक्ससमधलं कुठलं कोर्ट तुमच्यासाठी उघडं असणार?

माझ्या मते खरी धास्ती परतीच्या खिडकीची धरावी. तिथे आपले लोक निर्धास्त असतात, ‘घरीच तर चाललोय’ म्हणून.

टेक्सससारख्या राज्यांत अशी सोय आहे की आरोपीने गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीश शिक्षा सुनावत नाही, वर्ष-दोन वर्षं नीट वागलं की केस काढून टाकतात. वकील सांगतो, संपलं. राज्यापुरतं ते खरंही असतं. पण १९९६ साली अमेरिकन संसदेने स्थलांतराच्या कायद्यात दोषसिद्धीची वेगळी व्याख्या घातली: कबुली दिली आणि न्यायाधीशाने कसलंही बंधन घातलं, की ती दोषसिद्धीच, केस नंतर काढली तरी. जिथे कबुलीच घेतली नाही, तिथे हे सहसा लागू होत नाही. त्यामुळे दोन मित्रांच्या केसेस सारख्याच निकाली निघालेल्या असतात आणि पुलावर एकजण सुटतो, दुसरा अडकतो.

गांजाचं उदाहरण तर विलक्षण आहे. कॉलेजात असताना थोडासा गांजा खिशात सापडलेला ग्रीन कार्डधारक घ्या. स्वतःपुरता, तीस ग्रॅमच्या आत, एकदाच, एवढ्यावर त्याला अमेरिकेतून हाकलता येत नाही. कायद्यातच तशी सूट आहे. पण ही सूट देशाबाहेर घालवण्यापुरती आहे, आत घेण्यापुरती नाही. तो माणूस घरी बसला तर निवांत. नायगारा बघून परतला तर त्याला नव्याने प्रवेश मागणारा ठरवून अडवता येतं. गंमत अशी की ज्या काठावर तो दुपार घालवून आला, तिथे गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे.

महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्यांनाही यातलं थोडं लागू आहे. अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज, शिक्षा झाली का एवढंच विचारून थांबत नाही. कधी अटक झाली होती का, हेही विचारतो, पुढे माफी मिळालेली असली तरी. आपल्याकडे मोर्च्यात अटक आणि संध्याकाळी सुटका ही लोक गप्पांत सांगायची गोष्ट. अर्जात मात्र ‘नाही’वर टिचकी मारायचा मोह होतो. निर्दोष सुटलेल्या मोर्चेकऱ्याला बहुधा काही होत नाही. जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला कॅनडा पाच वर्षं आणि अमेरिका कायमची दारं लावू शकते.

शेवटी एक सांगतो. अमेरिकेत वकील मंडळी जुनी केस कोर्टाच्या दप्तरातूनच पुसून घ्यायला सुचवतात. जरूर पुसा, पण त्याआधी आरोप, कबुली आणि निकाल स्पष्ट दाखवणाऱ्या शिक्क्याच्या दोन-तीन नकला काढून ठेवा. दप्तर पुसल्यावर कोर्ट ती नक्कल देऊ शकेलच असं नाही, आणि ठशांची नोंद पुलावर दिसत राहू शकते. कबुली दिलेली असेल, तर सहलीचं हॉटेल ठरवण्याआधी स्थलांतराच्या कायद्याचा वकील गाठा. फौजदारी वकिलावर विसंबू नका.