‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ : क्लिनिकल ट्रायलबद्दलचे सात गैरसमज

कर्करोगाच्या किंवा क्षयरोगाच्या रुग्णाला डॉक्टर म्हणाले, ‘आमच्याकडे एक ट्रायल चालू आहे, तुम्ही त्यात बसता,’ की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ‘आपला माणूस काय गिनीपिग आहे?’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘नवं औषध फुकट मिळतंय, सही करून टाका.’ घाई दोघांनाही सारखीच असते आणि माहितीही दोघांची सारखीच अपुरी.

एखादं औषध, शस्त्रक्रिया, लस किंवा तपासणी माणसाला खरंच उपयोगी पडते का आणि तिच्यामुळे अपाय किती होतो, हे आधी लिहून ठेवलेल्या पद्धतीनं पडताळणं म्हणजे क्लिनिकल ट्रायल. उत्तर आधीच ठाऊक असतं तर ट्रायल घ्यायचं कारणच नव्हतं. खालचे बहुतेक गैरसमज एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

गैरसमज १ : नवा उपचार जुन्यापेक्षा चांगलाच असणार.

वस्तुस्थिती : २०२० साल आठवा. कोविडमधून बरे झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी लोक रात्री-बेरात्री व्हॉट्सॲपवर रक्तगट टाकत होते, नातेवाईक रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवत होते. तर्क बिनचूक वाटत होता : बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतात, ती आजाऱ्याला द्यायची. याच काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ‘प्लॅसिड’ ही ट्रायल घेतली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांनी पाहिलं तेव्हा प्लाझ्मा मिळालेल्या गटात १५ टक्के रुग्ण दगावले होते, न मिळालेल्या गटात १४ टक्के. आजार गंभीर होण्याचं प्रमाणही दोन्हीकडे जवळपास तेवढंच होतं. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, तरी प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शक सूचनांतून वगळायला मे २०२१ उजाडला. मधल्या दुसऱ्या लाटेत किती कुटुंबांची धावपळ वाया गेली असेल, याची कल्पना आपल्याला आहेच.

‘तर्काला पटतं’ आणि ‘रुग्णाला लागू पडतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रायलमध्ये उतरलेले कितीतरी उपचार शेवटी निरुपयोगी ठरतात. म्हणून ‘नवीन औषध मिळेल’ एवढ्यावर सही करू नये, आणि नव्या गटात नंबर लागला नाही म्हणून नशिबाला दोषही देऊ नये.

गैरसमज २ : दुसऱ्या गटात टाकलं म्हणजे साखरेच्या गोळ्या देऊन मरायला सोडलं.

वस्तुस्थिती : गंभीर आजाराच्या ट्रायलमध्ये तुलनेच्या गटाला सहसा त्या वेळचा सर्वमान्य उपचार मिळतो. प्लॅसिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, द्यायचं झालं तर बहुधा त्या उपचाराच्या जोडीला दिलं जातं. ज्या आजारावर उपचारच नाही, तिथली गोष्ट वेगळी. चांगला उपचार उपलब्ध असताना तो न देता फक्त प्लॅसिबो दिला आणि त्यातून रुग्णाला इजा झाली, तर भारतातल्या नियमांनुसार ती ट्रायलमुळे झालेली इजा धरली जाते आणि भरपाई द्यावी लागते.

कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टर ठरवत नाहीत. ही पद्धत रुळली ती क्षयरोगामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध इतकं थोडं होतं की सगळ्या रुग्णांना पुरणं शक्यच नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून गट ठरवले आणि ते बंद लिफाफ्यांत ठेवले. रुग्ण ट्रायलला योग्य आहे हे ठरल्यावरच त्याचा लिफाफा उघडायचा. त्यामुळे ‘हा तरुण आहे, याला औषध देऊ’ अशी कुणाची मर्जी चालली नाही. सहा महिन्यांनंतर स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले होते आणि नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. लिफाफ्याची जागा आता संगणकानं घेतली आहे, तत्त्व तेच आहे. डॉक्टरांनी आपल्या मनानं गट केले असते, तर धडधाकट रुग्ण एका बाजूला जमले असते आणि औषधाच्या नावावर भलतंच श्रेय जमा झालं असतं.

गैरसमज ३ : ट्रायल म्हणजे औषध कंपन्यांचा धंदा.

वस्तुस्थिती : पुष्कळ ट्रायल कंपन्या घेतात हे खरं आहे. पण ज्यातून कुणालाही नफा होणार नाही, असे प्रश्न विचारणाऱ्या ट्रायलही होतात आणि त्यांतल्या काही मुंबईतच झाल्या आहेत.

तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या लसिका ग्रंथी काढाव्यात की गाठ दिसल्यावर काढाव्यात, यावर शल्यविशारदांत अनेक दशकं वाद होता. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. तीन वर्षांनंतर, आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण हयात होते आणि वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीनं नवे रुग्ण घेणं थांबवायला सांगितलं. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि वाद मिटला.

याच रुग्णालयाच्या पुढाकारानं ११ केंद्रांवर झालेली दुसरी ट्रायल लिडोकेनची. दात काढताना हिरडीत टोचतात तेच हे बधिरीकरणाचं जुनं, स्वस्त औषध. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं ते गाठीभोवती टोचलं. सुमारे १,६०० स्त्रियांच्या या ट्रायलमध्ये पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के होतं, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. पेटंट नसलेल्या औषधावर अशी ट्रायल कोणती कंपनी कशाला घेईल?

गैरसमज ४ : तपासणीनं काय बिघडतं? तिला कसली ट्रायल हवी?

वस्तुस्थिती : चुकीची तपासणी चुकीच्या औषधाइतकीच घातक ठरू शकते. क्षयरोग ओळखण्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्या भारतात वर्षानुवर्षं सर्रास केल्या जात होत्या. अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिल्यावर कळलं की त्या धडधाकट माणसाला क्षयरोगी ठरवतात आणि क्षयरोग्याला मोकळं सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये त्या वापरू नका असं बजावलं आणि भारत सरकारनं जून २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. तोवर कित्येकांनी नसलेल्या आजाराची महिनोन्‌महिने औषधं घेतली असतील.

याच्या अगदी उलट उदाहरण जीनएक्सपर्टचं. थुंकीच्या नमुन्यात क्षयरोगाचे जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांना लागू पडेल का, हे दोन तासांच्या आत सांगणारी ही तपासणी पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि मुंबई इथल्या १,७३० रुग्णांवर पारखली गेली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्या रुग्णांपैकी ९८.२ टक्के तिनं पकडले. जंतू दिसले नाहीत, पण पुढे प्रयोगशाळेतल्या कल्चरमध्ये वाढले, अशांपैकी ७२.५ टक्के एकाच नमुन्यात पकडले. म्हणजे उत्तम तपासणीलाही मर्यादा असते, आणि ती किती हे आकड्यांत मांडता आलं ते या अभ्यासामुळे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅटही अशाच पडताळणीतून गेलं आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आलं.

तपासणीनं जीव वाचतात का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मराठवाड्यानं दिलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. काही गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, काही गावांत पेशी पाहणारी पॅप तपासणी, काही गावांत व्हिनेगरसारखं सौम्य अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्या गावांत नेहमीची सोय होती तेवढीच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात असं दिसलं की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले : नेहमीच्या सोयीच्या गटात ६४, एचपीव्ही गटात ३४. बाकीच्या दोन पद्धतींचा तेवढा परिणाम दिसला नाही. आज जगभर एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली जाते, त्याच्या पुराव्यात या गावांतल्या बायाबापड्यांचा वाटा मोठा आहे. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही, यावर पुढे नैतिकतेचे प्रश्न विचारले गेले, हेही नोंदवायला हवं.

गैरसमज ५ : एकदा सही केली की अडकलो.

वस्तुस्थिती : ट्रायलमधून कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे मराठी रुग्णाला मराठीत. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर ते समजावून सांगावं लागतं. संपूर्ण नव्या रेणूच्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल घटकांतले रुग्ण असतील, तर संमतीची सगळी प्रक्रिया कॅमेऱ्यात नोंदवावी लागते : डॉक्टरांनी काय सांगितलं आणि रुग्णाला काय समजलं, दोन्ही. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी चेहरा दिसू नये म्हणून फक्त आवाज नोंदवतात. सही केलेल्या कागदाची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. ‘प्रत फाइलला आहे’ हे उत्तर चालत नाही.

गैरसमज ६ : काही झालं तर कुणी वाली नाही.

वस्तुस्थिती : ही भीती हवेतून आलेली नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवला. मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या किंवा शाळेच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. संसदीय समितीनं २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. ट्रायलमधल्या गैरप्रकारांविरुद्ध इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका सर्वोच्च न्यायालयात होतीच. या रेट्यामुळे २०१३ मध्ये भरपाईचे नियम झाले आणि २०१९ मध्ये सगळी चौकट नव्यानं मांडली गेली.

आज नव्या औषधाच्या ट्रायलला औषध महानियंत्रकांची परवानगी लागते, शिवाय नोंदणीकृत नैतिकता समितीची. या समितीत किमान सात जण हवेत. निम्मे सदस्य आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. त्यांत कायद्याचा जाणकार, सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवी. रुग्णाला गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांनी २४ तासांच्या आत कळवायचं. इजा झाली तर तिचा संबंध ट्रायलशी नाही हे ठरेपर्यंत, किंवा गरज असेल तोवर, उपचार मोफत. मृत्यू ट्रायलमुळे झाला असेल तर भरपाईचं सूत्र ८ लाख रुपयांपासून सुरू होतं आणि वय व आधीच्या आजाराची तीव्रता यांवरून रक्कम कमी-जास्त होते. ६५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकासाठी ती ३२ लाख येते. नियम आहेत म्हणजे सगळीकडे ते पाळले जातात असं नाही. पण ते माहीत असलेल्या कुटुंबाला सहजासहजी वाटेला लावता येत नाही.

गैरसमज ७ : प्रायोगिक उपचार आहे, म्हणून महाग आहे.

वस्तुस्थिती : इथे फसवणूक सर्वांत जास्त होते. पारखल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेणं ट्रायलच्या रीतीत बसत नाही. गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ विकणाऱ्या जाहिराती पाहा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सर्व वापर संशोधनात मोडतो आणि तो ट्रायलमध्येच व्हायला हवा. लाखांचं बिल हातात ठेवून कुणी ‘ट्रायल’ म्हणत असेल, तर ती ट्रायल नव्हे, विक्री आहे.

खरी ट्रायल ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिचा नोंदणी क्रमांक. १५ जून २००९ पासून भारतात औषधाची ट्रायल पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत नोंदवणं बंधनकारक आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येते.

तेव्हा घरात कुणाला ट्रायलबद्दल विचारलं गेलं, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच सहीही करू नका. कागद घरी न्या, वाचा, आणि पाच गोष्टी विचारा : सीटीआरआयचा क्रमांक काय? मी दुसऱ्या गटात गेलो तर मला कोणता उपचार मिळेल? जास्तीचे त्रास कोणते होऊ शकतात? काही झालं तर खर्च कोण करणार आणि रात्री फोन कुणाला करायचा? नैतिकता समितीचा पत्ता काय? ज्या डॉक्टरांची ट्रायल खरी आहे, त्यांच्याकडे पाचही उत्तरं कागदावर तयार असतात. टाळाटाळ झाली, तर सही न करता सरळ उठून या.